शहादेवमामांची पिशवी

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी मेसेज आला, की आपले माजी सहकारी, हातपंप दुरुस्तीवाले शहादेवमामा यांचं पहाटे निधन झालं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही दोन हात जोडून पाठवले, फोन पालथा ठेवला आणि समोरची फाइल पुढे लिहायला घेतली. दुपारी डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती, बरी झाली होती. संध्याकाळी बसस्टँडवर उभी असताना लक्षात आलं की दिवसभरात मला काहीही वाटलेलं नाही.

हे मी कौतुकानं सांगत नाही. माझे यजमान हायवेवर मोटारसायकलवरून गेले, तेव्हाही असंच झालं होतं. बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी मनात विचार करत होते की गॅसवर दूध ठेवलंय, ते कुणी उतरवलं असेल का. पुढे त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली. गेवराईला एक खोली भाड्यानं घेतली आणि पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टेबलाशी बसू लागले. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा, आत काही हलतच नव्हतं.

त्या ऑफिसात शहादेवमामा होते. बुटके, रुंद खांद्यांचे, डोक्याला टोपी, आणि सदरा इतका स्वच्छ की हा माणूस दिवसभर ग्रीसमध्ये हात घालतो हे कुणाला पटू नये. तालुक्यात कुठेही हातपंप बंद पडला की जीप घेऊन मामा निघायचे. पंचनाम्याच्या कागदावर गावकऱ्यांच्या सह्या घ्यायला कुणीतरी लागायचं. साहेबांना उन्हाचा त्रास होता, त्यामुळे ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असायचे. जीपमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मागे मामा, आणि मामांच्या मांडीवर त्यांची पिशवी. पिशवी त्यांनी कधी गाडीच्या फरशीवर ठेवलेली मी पाहिली नाही.

ती पिशवी विकतची नव्हती. गेवराईच्या बाजारात ट्रॅक्टरच्या ताडपत्र्या शिवणारा एकजण बसतो, त्याच्याकडून जुन्या तंबूच्या कापडाची शिवून घेतलेली होती. शिवताना मामांनी म्हणे तीन दिवस त्याच्या शेजारी बसून त्याचं डोकं खाल्लं. तो माणूस अजून मामांचं नाव काढलं की कपाळाला हात लावतो. आत अकरा खिसे होते. प्रत्येक खिसा एकाच हत्याराच्या मापाचा, दुसरं काही त्यात बसायचं नाही. आणि पंप ज्या क्रमानं खुलतो त्याच क्रमानं खिसे. पंपाच्या डोक्याचे बोल्ट आधी निघतात, म्हणून पहिल्या खिशात सतरा-एकोणीसचा रिंगपाना. मग पक्कड, मग साखळीसाठी लागणारी छोटी हत्यारं, अशी ती रांग शेवटच्या कानशीपर्यंत जायची. साखळदंड, मोठे शिकंजे, पाईप धरायचे पाने ही जड मंडळी जीपमध्ये असायची. त्यांच्याशी मामांचा व्यवहार सरकारी होता. “ती गाडीची,” म्हणायचे, “ही माजी.”

पिशवीचा एक कायदा होता. एका हातानं उचलता आली पाहिजे आणि तशीच नाला ओलांडून पलीकडच्या वस्तीवर नेता आली पाहिजे. दर पाडव्याला मामा सगळी हत्यारं ओसरीवर मांडायचे आणि वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते काढून टाकायचे. ज्याचं काम न्हाई ते पिशवीत कावून, असं विचारायचे, आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसायचं. हा कायदा ऑफिसला लावला तर माझ्यासकट निम्मी माणसं बाहेर पडतील असं मी एकदा त्यांना म्हटलं. ते हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, निम्मी न्हाई, जास्त.

पंपावर पोचलं की पिशवीतून पहिल्यांदा हत्यार निघायचं नाही, गोणपाटाचा एक चौकोन निघायचा. मधोमध चीर दिलेला. पंपाचं डोकं उतरलं की तो चौकोन पाईपाभोवती गुंडाळून मामा बोअरचं तोंड झाकायचे आणि मगच पुढच्या कामाला हात घालायचे. सहा इंची तोंड असतं, खाली दोनशे फूट अंधार. पाईप आणि बोअरच्या भिंतीमध्ये एखादा पाना जरी पडून अडकला, तरी आतले पाईप वर येत नाहीत की खाली जात नाहीत. पंप तिथेच संपला आणि त्या वस्तीचं पाणी संपलं. “बोअरला खिसा नसतो ताई,” मामा मला पहिल्याच फेरीत म्हणाले होते. “गेलं ते गेलं.” म्हणून पंप बंद करण्याआधी सगळी हत्यारं पिशवीत गेली पाहिजेत. अकराचे अकरा खिसे भरलेले दिसल्याशिवाय ते झाकण बसवत नसत.

आमच्याकडे कात्री, विळा, सुई अशा वस्तू हातातून हातात देत नाहीत. दोघांत भांडण लागतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. मामांनी हा रिवाज पक्कड-हातोडीपर्यंत वाढवून घेतला होता. मजुरानं पाना मागितला तर ते तो फडक्यावर ठेवायचे आणि मजुरानं तिथून उचलायचा. परत करतानाही तसंच. मला ही अंधश्रद्धा वाटायची, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर मामांचं म्हणणं असं की हातातून हातात देताना एक जण सोडतो आणि दुसऱ्यानं धरलेलं नसतं, आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. भांडण लागतं ते त्याच्यानंतर.

तलवाड्याच्या बाजूला एका गावात पंप उघडून ठेवलेला असताना सरपंचाचा पुतण्या आला. मिशी कोरलेली, मनगटाला जाड कडं. मोटारसायकलची चेन सैल झालीय म्हणून त्यानं फडक्यावरचा पाना न विचारता उचलला आणि गेला. मामांनी पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. दुरुस्ती झाली, पाईप बसले, फक्त डोकं बसवायचं राहिलं. तेव्हा मामा पंपाच्या ओट्यावर मांडी घालून बसले. बायका घागरी, कॅन, हंडे घेऊन रांगेत उभ्या. गावातला दुसरा पाना आणून दिला, तो त्यांनी घेतला नाही. आपण दुसरं हत्यार देऊ साहेबांकडून, असं मीही सुचवलं. मामा म्हणाले, मोजणी पुरी होत न्हाई तवर झाकण लागत न्हाई. तासभर झाला. शेवटी रांगेतल्या दोघीजणी सरपंचाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि पुतण्याला पान्यासकट घेऊन आल्या. तो तावातावानं पाना मामांच्या हातात द्यायला लागला, तर मामांनी हात पुढे केला नाही, नुसती फडक्याकडे मान केली. एवढ्या बायांसमोर त्याला वाकून पाना खाली ठेवावा लागला. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला हसून हसून गाडी चालवेना. मामा झोपले होते.

त्या सुमारास माझ्या खोलीतला नळ गळत होता. आठ दिवस टिपटिप चालू. घरमालकाला सांगितलं की तो माणूस पाठवायचा, आणि तो माणूस नळ सोडून माझ्याकडे बघायचा, बिचारी म्हणून. म्हणून मी सांगणंच सोडलं होतं. ऑफिसात सहज बोलण्यात विषय निघाला तेव्हा मला वाटलं मामा म्हणतील, येतो संध्याकाळी. ते म्हणाले शनिवारी बाजारात या, तुमची पिशवी करू.

हार्डवेअरच्या दुकानदारानं आधी प्लॅस्टिकची भलीमोठी पेटी समोर ठेवली. उघडली की आत चाळीस-पन्नास चकचकीत वस्तू, ज्याच्या त्याच्या खाचेत. मला ती आवडली, खोटं कशाला बोलू. मामांनी ती बंद केली आणि मला विचारलं की गेल्या सहा महिन्यांत घरात काय काय बिघडलं. मी आठवून सांगितलं. नळ, दाराची कडी, खुर्चीचा पाय, स्विचबोर्डाचा स्क्रू, भिंतीतला खिळा. मग त्यांनी तेवढ्यापुरतं काढायला लावलं. एक पक्कड, एक सरकता पाना, दोन्ही बाजूंनी चालणारा पेचकस, एक टेस्टर, लहान हातोडी, नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप, आणि थोडी सुतळी. सात नग. दुकानदाराचं तोंड उतरलं.

प्रत्येक वस्तू ते मला हातात धरायला लावत होते. मूठ भरते का, घसरते का, दांते टोचतात का, कड बोचते का. मी म्हणायचे हो, किंवा नाही, आणि ते माझ्या उत्तरावर वस्तू ठेवायचे किंवा परत करायचे. मला वाटलं, शिकवतायत. तीन पकडी अशा झाल्या. चौथी त्यांनी स्वतः घेतली, उघडझाप करून तिचा सांधा कसा सैल नको ते दाखवू लागले, आणि बोलता बोलता त्यांच्या डाव्या तर्जनीची कातडी तिच्या दातांत सापडली. त्यांनी पक्कड दाबली. रक्त आलं. ते बोलतच होते. सांध्याला तेल कधी द्यायचं ते सांगत होते आणि रक्त काउंटरच्या काचेवर पडत होतं.

मी म्हटलं, मामा, बोट. त्यांनी खाली पाहिलं. दुसऱ्याच कुणाचं बोट असावं तसं पाहिलं आणि मग पक्कड सोडली.

चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलो. त्यांनी बिनसाखरेचा सांगितला. बोटाला माझा रुमाल बांधला होता. मी काही विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं.

“दीड वर्स झालं. शुगरनं बोटं मेली. आदी आंगठे गेले, मग सगळीच. आता हा कप धरलाय म्हणून दिसतंय, न्हाईतर मला कळत न्हाई धरलाय का न्हाई.”

“मग काम कसं करता?”

“पिशवीत सगळं जागच्या जागी हाय. हात आपसूक तिथं जातो. बाकी डोळे हायेत की.”

साहेबांना सांगितलंय का असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला. सांगितलं तर दाराजवळच्या स्टुलावर बसवतील, येणाऱ्याजाणाऱ्याला कुठलं टेबल कुठे ते दाखवायला. स्टुलावर बसायचं त्यांना इतकं भय होतं की ते बोलताना त्यांनी कप खाली ठेवला. “पंपावरनंच घरी जायचंय मला,” म्हणाले. “दोनच वर्सं. तुमी सांगू नका, ताई.”

मी म्हटलं, नाही सांगणार. यात माझा मोठेपणा काही नव्हता. कुणाची बोटं मेली होती, माझं आणखी काही मेलं होतं, आणि दोघंही रोज वेळेवर ऑफिसला येत होतो. मला ते चालण्यासारखं वाटलं. बोअरचं तोंड आणि ती बोटं यांचा एकत्र विचार मी केला नाही. करायला हवा होता.

आठवड्यानं मामांनी ताडपत्रीवाल्याकडून उरलेल्या कापडाची लहान पिशवी शिवून आणली. सात खिसे. तिच्यातला पाना काढून मी नळ उघडला, टेप गुंडाळली, परत बसवला. टिपटिप थांबली. मला फार आनंद झाला असं म्हणवत नाही. पण थांबलेली कळली, आणि तेव्हाच्या माझ्या हिशोबानं तेही बरंच होतं.

त्यानंतर पंपावर मी सह्यांचे कागद सोडून मामांच्या हातांकडे बघत राहायचे. ठाऊक झाल्यावर सगळं दिसायला लागलं. ते पाना उचलताना आधी पान्याकडे बघायचे, मग बोटांकडे, बोटं मिटली का ते बघायचे, आणि मगच वर घ्यायचे. इतरांना ती सावकाशी अनुभवाची वाटायची. मजूर म्हणायचे, मामांचं काम कसं निवांत, घाई न्हाई. एका वर्षात एक बोल्टही पडला नाही. पिशवी त्यांना सांभाळून घेत होती.

मग ती खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन-पुसून देवापुढे मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनी बसायचं. मामांच्या घरी तर हा दिवाळीपेक्षा मोठा सण. पिशवी रिकामी करून, धुऊन दोरीवर वाळत घातलेली, आणि देवापुढे पाटावर सगळी हत्यारं त्याच क्रमानं, गोणपाटाच्या घडीसकट.

ऑफिस चालू होतं, पण अर्धी माणसं रजेवर. अकराच्या सुमारास तलवाड्याच्या पुढच्या एका मेंढपाळांच्या वस्तीवरून भामाबाई आली. वस्तीतली सगळ्यांत वडीलधारी बाई, उभी आडवी, हातात काठी. चार दिवसांपासून पंप पाणी उचलत नव्हता. वस्तीला तोच एक पंप, दुसरं पाणी नाल्यापलीकडच्या विहिरीवर, दीड कोस. माणसं कशीतरी आणतील, शंभर-सव्वाशे मेंढरांचं काय करायचं, असं ती विचारत होती. साहेबांनी मामांना फोन लावायला सांगितला. फोनवर मामांनी वस्तीचं नाव पुन्हा विचारून घेतलं आणि येतो म्हणाले.

जीप त्यांच्या दाराशी थांबली तेव्हा मी आत गेले. मामी, म्हणजे त्यांची बायको, उंबऱ्यात उभी होती. मी म्हटलं, मामा, पाटावरची हत्यारं घ्या, देव काही म्हणणार नाही. मामी म्हणाली, आजवर कधी उचलली न्हाईत. मी मामांकडे पाहिलं. मला जे म्हणायचं होतं ते मामीसमोर म्हणता येत नव्हतं, आणि मामांना ते कळलं होतं. ते पाटाकडे बघत उभे राहिले. ती हत्यारं उचलली तर इतके दिवस ज्यांच्या जिवावर आपण लपून राहिलो त्यांनाच दुखावल्यासारखं होईल, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मला पक्कं माहीत नाही. आणि पाण्याला नाही म्हणणं हे त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी चपला घातल्या आणि ड्रायव्हरला इस्माईलभाईकडे गाडी घ्यायला सांगितलं.

इस्माईलभाई बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचे. बाजारात त्या दिवशी त्यांचीच हत्यारं तेवढी मोकळी होती, बाकी सगळ्यांची देवापुढे. त्यांनी काही न विचारता चांगली चांगली हत्यारं निवडून एका प्लॅस्टिकच्या बादलीत भरून दिली. रिंगपाना तर मामांच्यापेक्षा नवा होता. मामा बादली मांडीवर घेऊन बसले. जीप हलली की बादलीतलं लोखंड खडखडायचं.

वस्तीवरची माणसं मदतीला आली. पंपाचं डोकं उतरलं, साखळी सुटली. मामा हत्यार हवं की बादलीत हात घालत होते, आणि हात आत नेमका कशाला लागला ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून दर वेळी वाकून बघत होते. गोणपाट नव्हतं. मी वस्तीतल्या कुणाकडून पोतं मागू शकले असते. ते मला सुचलं नाही. मामांनाही नाही. इतकी वर्षं ते पिशवीतून आपोआप पहिलं निघत आलं होतं.

पहिला पाईप जीपमधल्या साखळदंडानं वर घेतला आणि शिकंज्यात धरला. मामांच्या डाव्या हातात रिंगपाना होता, उजव्या हातानं ते पाईप सरळ करत होते आणि डोळे वर साखळदंडाकडे होते. मी त्यांच्या डाव्या हाताकडेच बघत होते. त्या हाताची बोटं पाना धरल्यासारखी मिटलेली होती, आणि त्यांच्यात पाना नव्हता. खालून एकदा आवाज आला, मग घासल्याचा, मग काही नाही. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही, म्हणजे मध्येच अडकला होता. मामांनी तो आवाज ऐकला आणि तरीही हात तसाच मिटून उभे होते. मग त्यांनी खाली हाताकडे पाहिलं.

साखळदंड ओढून पाहिला. पाईप वीतभर वर आला आणि थांबला. दुसऱ्यांदा ओढला, तेवढाच. चौघांनी मिळून ओढला. मग कुणी ओढेना.

भामाबाई पुढे झाली. तिनं मामांच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, “मामा, जिवाला लावून घेऊ नका. दिवसाचा दोस हाय. नवमीला लोखंड उचलाया नव्हतं पायजे. आमीच बोलावलं तुमाला.”

माणसांनी माना हलवल्या. ड्रायव्हरनंही हलवली. सगळ्यांना ते पटलं होतं. मामांनी नुसतं गप्प राहायचं होतं. पंप दिवसानं खाल्ला असता, आणि ते स्टुलापासून वाचले असते. मी मनातून हेच म्हणत होते की गप्प राहा.

“दिवसाला कावून नाव ठेवता?” मामा म्हणाले. “माजी बोटं मेलीत. लई दिस झाले. मला धरल्यालं कळत न्हाई. मी कुणाला सांगितलं न्हाई.”

एवढं बोलून ते माझ्याकडे न बघता बादलीपाशी जाऊन बसले. कुणाला सांगितलं न्हाई, हे खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की मला ठाऊक होतं. मी कागदावर भामाबाईचा अंगठा घेतला. पंचनाम्यात ‘काम अपूर्ण’ असं लिहिलं. त्या वेळी मला लाज वाटली. बऱ्याच काळानंतर काहीतरी वाटलं ते हे, आणि ते असं असावं याचाही मला राग आला.

मामांना स्टूल मिळालं. त्यांनी स्वतःच साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं होतं. नव्या बोअरचा प्रस्ताव गेला, तो वर जायला निघाला, आणि प्रस्ताव ज्या चालीनं जातात त्या चालीनं जात राहिला. वस्तीवरच्या बायका नाल्यापलीकडून पाणी आणत होत्या. मामा दाराजवळ बसून येणाऱ्याला टेबल दाखवायचे. माझ्याशी नीट बोलायचे. मीच त्यांच्या समोरून जाताना फाइल वाचत जायचे.

डिसेंबरात माझी बदली बीडला झाली. जायच्या आधीच्या रविवारी निरोप घ्यायला म्हणून त्यांच्या घरी गेले, तर मामी म्हणाली, ते दर रविवारी वस्तीवर असतात. पहाटेची गाडी धरतात, उतरून चालत जातात. नवमीपासून एकही रविवार चुकवलेला नाही. मीही तलवाड्याची बस धरली.

मामा पंपाच्या ओट्यावर पालथे पडले होते. डोकं बोअरच्या तोंडाशी. सळईला वाकवून त्यांनी एक बारीक गळ केला होता आणि तो नायलॉनच्या दोरीनं आत सोडला होता. वीसेक फुटांवर पाईपाच्या जोडापाशी पाना अडकलाय असा त्यांचा अंदाज होता. गळ पाईपाच्या जोडाला लागला तर ओढ घट्ट लागते, पान्याच्या कड्यात शिरला तर किंचित डुलते, एवढाच फरक. तो बोटांनी कळायचा. त्यांच्या बोटांना तो कळणार नव्हता. म्हणून दोरी त्यांनी गालावरून घेतली होती. तळव्यानं गालावर दाबून धरलेली, डोळे मिटलेले. दोरी थोडी खाली सोडायचे, थोडी वर घ्यायचे, गालाला काय लागतं ते बघायचे.

मी शेजारी बसले. त्यांचं दोरीचं खालवर चालूच होतं. भामाबाई पलीकडे बसून होती. ती म्हणाली, दर रविवारचं असंच, ऊन कलेपर्यंत. आम्ही म्हणतो मामा जाऊ द्या, ऐकत न्हाईत. दोन तास गेले असतील. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आणि मग तो चेहरा बदलला.

“हलतंय,” ते म्हणाले. अगदी हळू. डोळे न उघडता म्हणाले, “भामाबाई, दोरी धरा. मी न्हाई ओढत. तुमी ओढा, मी सांगतो.”

तिनं दोरी धरली. जन्मभर मेंढ्यांची लोकर काढलेले हात होते ते. मामांनी गाल मात्र दोरीवरून काढला नाही. ती ओढत होती आणि ते दोरीला गाल लावून सांगत होते. जरा थांबा. आता सैल. आता घ्या. दोरी त्यांच्या गालावरून सरकत वर येत होती. मामा, गाल काडा, सोलून निगंल, असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. वस्तीतली माणसं भोवती जमली.

गळाला लोंबकळत पाना वर आला. भामाबाईनं तो पदरात घेतला आणि मटकन खाली बसली. कुणीतरी पुढे होऊन पाईप हलवून पाहिला, तो हलला. बायका बोलायला लागल्या, सगळ्या एकदम.

मामा उठून बसले होते. पान्याकडे त्यांनी पाहिलं नाही. डाव्या गालावर दोरीचा लालभडक चरा उमटला होता, एका ठिकाणी सालटं निघून रक्त आलं होतं. मी म्हटलं, मामा, मला ठाऊक होतं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. यजमान गेल्यापासून पहिल्यांदा, आणि थांबेना. मामांनी माझ्याकडे पाहिलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी तळवा गालावर ठेवला होता आणि काहीतरी ऐकत असल्यासारखे बसले होते.

“जळतंय, ताई,” ते म्हणाले. “लई जळतंय.”

आणि हात काढला नाही.